आडवी रेघ

चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी यायला हवी होती, ती विलासने उभीच ओढली. मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावरून श्रद्धाने पुढचा चेंडू फेकला, समोरच्या पोरीने जीव खाऊन बॅट फिरवली, चेंडूला बॅटचा वाराही लागला नाही, आणि मग कुठे त्याने आडवी रेघ मारून गड्डी बांधली. चेंडू सहा झाले होते. कागदावर ते पाच दिसत होते.

शेजारच्या खुर्चीवर समोरच्या संघाच्या जयमाला मॅडम बसल्या होत्या. कुठल्याशा शाळेत त्या पीटी शिकवायच्या. त्यांनी मान वाकडी करून त्याच्या कागदावरच्या गड्ड्या मोजल्या, आकडा आपल्या कागदावर उतरवून घेतला आणि पुन्हा मोबाइल कानाला लावला. त्यांच्या शाळेत आज कसलीशी तपासणी होती आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी फोन करून कपाटाची किल्ली विचारत होतं.

नियम साधा होता. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बोलरच, पण त्याला षटक संपलं म्हणून विसावा नाही. बदली येईपर्यंत त्यानेच फेकत राहायचं. पोरींचे खांदे निकामी होऊ नयेत म्हणून या स्पर्धेत ठरलं होतं, की एका पिचरने दिवसाला ऐंशीच चेंडू फेकायचे. ऐंशीवा पडला की उतरायचं. मोजायला दोन्ही संघांनी एकेक माणूस द्यायचा, दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि डाव संपला की ताळा करायचा. श्रद्धाच्या संघाचे प्रशिक्षक ज्ञानेश सर यांनी क्षणभरही विचार न करता विलासचं नाव दिलं होतं. एकवीस वर्षं कारखान्याच्या क्वालिटी खात्यात काढलेला माणूस. याच्यापेक्षा नीट कोण मोजणार?

दुसऱ्या डावानंतर ताळा जुळला नव्हता. मॅडमचे सत्तावीस आले, विलासचे तेवीस. पण मॅडमनी जिभेला बोट लावून स्वतःचाच कागद तपासला, कपाळाला आठ्या घातल्या आणि रबर काढलं.

"माझेच चुकले असणार. फोन येतोय सारखा. तुमचं तर आयुष्य मोजण्यात गेलंय, तुमचाच आकडा धरू."

चार रेघा त्यांनी खोडल्या. रबराचा चुरा फुंकरीने उडवला. तेव्हापासून श्रद्धाचे चेंडू त्या मोजतच नव्हत्या. विलासला त्या वेळी उठून पळून जावंसं वाटलं होतं, पण खुर्चीत तो असा काही रुतला होता की बस्स.

ही युक्ती त्याची स्वतःची नव्हती, तेवढंही श्रेय त्याला देता येत नाही. चाकणच्या ज्या कंपनीत त्याने उमेदीची वर्षं घातली, तिथल्या मशीनवरच्या पोरांची ती. टूलने ठरावीक पीस काढले की टूल बदलायचं, आणि बदलायला मशीन थांबवायचं, म्हणजे टार्गेट बोंबललं. मग पोरं पाचवी रेघ उभी ओढायची आणि सहावी आडवी. साहेब लोक लांबून गड्ड्या मोजतात, गड्डीच्या आत कोण डोकावतोय? विलास डोकावला होता. एकेका रेघेवर बोट ठेवून त्याने तीन शिफ्टची चोरी पकडून दिली होती. पोरांनी त्याच्या नावाने खडे फोडले, पण भर मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले होते, की विलासची सही असलेली पेटी उघडून बघायची गरज नाही. त्या एका वाक्यावर त्याने पुढची कितीतरी वर्षं काढली. आणि आज कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

का खाल्लं, तेही सांगितलं पाहिजे. ती कंपनी विलासची लाइन उचलून दुसऱ्या राज्यात घेऊन गेली, माणसं इथेच ठेवून. आता पन्नाशीला आलेला विलास त्याच चाकणमध्ये एका छोट्या शेडमध्ये कंत्राटावर होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर जाऊन वीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं. दर वेळी सुपरवायझर विचारायचा, काका, जमेल का उभं राहायला. त्याची पोरगी श्रद्धा पोलीस भरतीत दोनदा चार-पाच गुणांनी मागे राहिली होती. दुसऱ्यांदा यादी लागली त्या दिवशी ती जेवली नाही, आणि तिची आई तिच्या ताटाकडे बघत बसली. आता एकच वाट उरली होती. या सामन्यानंतर राज्याचा संघ निवडणार होते, त्यात पिचरची एकच जागा होती. राज्याकडून खेळल्याचा कागद हातात आला की खेळाडूंच्या राखीव जागेत अर्ज भरता येतो. त्या जागांना माणसं थोडी. पोरगी आयुष्यभराची मार्गी लागली असती. आणि ज्ञानेश सरांनी आतली बातमी आणली होती, की निवड समितीला शेवटच्या डावापर्यंत टिकणारी पिचर हवी आहे. सामन्याचे सातही डाव ऐंशी चेंडूंत कुणाचे निघतात? विलासने रात्री पडल्या पडल्या हिशेब केला होता. निघत नाहीत.

निगडीच्या त्या मैदानावर ऊन चांगलंच चढलं होतं. टेबलामागे दोरी बांधलेली होती आणि दोरीमागे घरच्या माणसांची गर्दी. त्यात चऱ्होलीचे हिंदुराव होते. त्यांच्या शेताच्या जागी आता बारा मजली इमारती उभ्या होत्या, पण हिंदुराव अजून पायात त्याच जाड वहाणा घालून, सगळ्या पोरींसाठी ताकाचा मोठा जार घेऊन यायचे. त्यांची तेजस्विनी या संघाची दुसरी पिचर. बाकावर बसून ती शेंगदाणे खात होती. हिंदुरावांच्या शेजारी ओंकार. हा आयटीतला, याची धाकटी बहीण दीक्षा कॅचर, म्हणजे श्रद्धाचा चेंडू झेलणारी. ओंकार पहाटे उठून मोबाइलवर अमेरिकेतले सामने बघायचा आणि इकडच्या पोरींची आकडेवारी तिकडच्या पद्धतीने मांडून व्हॉट्सॅपवर टाकायचा. कुणी वाचत नसे, तरी टाकायचा.

दोघांचा वाद तिसऱ्या डावापासून चालला होता. स्पर्धेतली सर्वोत्तम पिचर कोण, यावर. हिंदुरावांचं म्हणणं, समोरच्या संघाची ती उंच पोरगी, चार सामने खेळली, चारही जिंकली, बक्षीस तिचंच. ओंकारला हे अजिबात मंजूर नव्हतं. सामना संघ जिंकतो, पिचर नाही, असं तो पोटतिडकीने सांगत होता. त्या उंच पोरीच्या मागे झेल घेणाऱ्या पोरी आहेत, तिच्या संघाने तिला धावा काढून दिल्या. श्रद्धा दोन सामने हरली, पण एकेका धावेने, आणि त्या धावाही आपल्याच पोरींच्या हातून चेंडू सुटल्यामुळे. तिने बाद किती केल्या ते मोजा, भलतीकडे फेकून फुकट बेस, म्हणजे पळायचा टप्पा, किती दिले ते मोजा.

"पिचर जिंकली का हरली यावर तिची किंमत करायचीच नसते, राव," ओंकार म्हणाला.

"हारली तरी भारी म्हंजी आमच्या सरपंचावानीच झालं की," हिंदुराव म्हणाले, आणि दोरीला टेकलेली सगळी मंडळी हसली.

विलासही हसल्यासारखं करून पुन्हा कागदाकडे वळला. एरवी ओंकारने श्रद्धाची अशी बाजू घेतली असती तर त्याने त्याला चहा पाजला असता. आज ते कौतुकही अंगावर येत होतं. कारण लगेच दोघांनी विषय बदलला, आणि गंमत म्हणजे या विषयावर दोघांचं एकमत होतं. श्रद्धाला आता उतरवावं. ओंकार म्हणत होता, समोरच्या पोरी आता तिसऱ्यांदा तिला खेळायला येताहेत, त्यांना तिचा चेंडू कळू लागलाय, अशा वेळी नवा हात आणायचा असतो. हिंदुरावांना आकड्यांशी घेणं नव्हतं. ते नुसते डोळ्यांवर हात धरून मैदानात बघत होते.

विलासला राहवलं नाही. तो वळून म्हणाला, की तिचे अजून पंचावन्नसुद्धा झाले नाहीत, कागद समोर आहे, बघायचा तर बघा. आवाज जरा चढलाच.

"कागद ऱ्हाऊ द्या, विलासराव," हिंदुराव हळूच म्हणाले. "पोरीकडं बघा."

पोरीकडे बघायचं तर तो सकाळपासून टाळत होता. फेकून झाल्यावर तिचा हात बघायचा, चेंडू बघायचा, रेघ ओढायची. चेहऱ्यापर्यंत नजर न्यायचीच नाही. आता त्याने बघितलं. श्रद्धा टोपी काढून मनगटाने कपाळ पुसत होती. फेकायच्या आधी ती खांदा एकदा गोल फिरवायची, आता दोनदा फिरवत होती. चेंडू दीक्षाच्या ग्लोव्हमध्ये पडला की सकाळी टणकन आवाज यायचा, आता तो बसका येत होता. टूल बोथट झालं की मशीनचा आवाज असाच बसतो. लांबून, पाठमोऱ्यालासुद्धा कळतं. विलास तिथल्या तिथे उठून मशीन बंद करायला लावायचा. ऑपरेटर शिव्या द्यायचे, तो ऐकून घ्यायचा.

पाचवा डाव संपला. श्रद्धाच्या संघाकडे तीन-दोन अशी एका धावेची आघाडी होती. श्रद्धा पाणी प्यायला बाकाकडे न जाता सरळ टेबलापाशी आली. बाटली तोंडाला लावून ती गटागटा प्यायली. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं.

"किती झाले, पप्पा?"

अडुसष्ट. त्याला तोंडपाठ होतं. रेघांकडे न बघता त्याने सांगितलं असतं.

"सत्तावन्न," तो म्हणाला.

तिने कागदाकडे पाहिलं. बाटलीचं झाकण तिने दोनदा लावलं, दोन्ही वेळा ते तिरपं बसलं. मग "बरं," म्हणून ती बाकाकडे गेली. ज्ञानेश सर मागेच उभे होते. सत्तावन्न ऐकून त्यांचा चेहरा उजळला. तेवीस शिल्लक, म्हणजे ताणून धरलं तर सातवा डावसुद्धा हीच काढेल, असं म्हणत त्यांनी टाळी वाजवली आणि हात गरम करायला उठलेल्या तेजस्विनीला खाली बसायची खूण केली. पलीकडे, मोठ्या छत्रीखाली निवड समितीचे दोन साहेब बसले होते. त्यांतले चष्मेवाले साहेब श्रद्धाकडे बोट दाखवून दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होते, आणि दुसरा मान डोलवत होता.

अजून काही बिघडलेलं नाही, विलास मनाशी घोकत होता. अडुसष्टच झालेत, नियम मोडलेला नाही. आत्ता उठून सांगितलं, मॅडम, माझं चुकलं, तर अकराच्या फरकाला कोण फासावर देतंय? पण चुकलं कसं म्हणायचं? एक गड्डी चुकते, दोन चुकतात. अकराच्या अकरा गड्ड्यांत पाच-पाच उभ्या रेघा असल्यावर त्याला चूक म्हणत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि सांगितलं तर पोरगी सहाव्या डावात उतरणार, शेवटपर्यंत टिकली नाही म्हणून कागद दुसरीला जाणार. तेही गेलं आणि नावही गेलं. त्याने टोपण काढलं. पुढचा डाव सुरू झाला.

पहिल्या पोरीने तिसऱ्या चेंडूवर उंच फटका मारला आणि तो झेलला गेला. एक बाद. दुसरीला श्रद्धाने चार चेंडू भलतीकडेच टाकले. एक तर दीक्षाला उडी मारून धरावा लागला, आणि त्या पोरीला फुकट बेस मिळाला. दोरीमागची बोलणी थांबली. विलास रेघा ओढत होता आणि मनात खरा आकडा आपोआप पुढे सरकत होता. एकवीस वर्षांची सवय, ती काय सांगून थांबते? तिसरी पोरगी आली, शहात्तरावा बाहेर गेला. सत्त्याहत्तर. श्रद्धाने दात ओठ खाऊन फेकला, स्ट्राइक; असे तीन झाले की खेळणारी बाद. अठ्ठ्याहत्तर, बाहेर गेला. एकोणऐंशी, पुन्हा स्ट्राइक. मग तिने चेंडू हातात घेऊन बराच वेळ घेतला. पंच तिच्याकडे बघू लागले. तिने फेकला तो इतका सुरेख, की समोरची पोरगी बॅट खांद्यावर घेऊन बघतच राहिली. तिसरा स्ट्राइक. दोन बाद.

मैदान ओरडलं. विलासने रेघ ओढली. तेरा गड्ड्या आणि वर दोन. कागदावर सदुसष्ट.

ओरडा थांबला तोवर श्रद्धा उंचवट्यावरून उतरून चालायला लागली होती. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. ज्ञानेश सर धावत पुढे गेले, अगं तेरा शिल्लक आहेत, एकीला बाद करायचंय फक्त, असं म्हणत त्यांनी तिला परत फिरवायला हात लावला. तिने चेंडू त्यांच्या हातात ठेवला.

"सर, खांदा धरलाय. नाही जमणार."

ती ते मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. तेजस्विनी शेंगदाण्याची टरफलं झटकत उठली आणि हात गरम न करताच मैदानात गेली. विलास टेबलावरून उठून दोरीच्या कडेकडेने, ठेचकाळत, बाकापाशी पोचला. श्रद्धा ग्लोव्हची गाठ सोडत होती. तो वाकून कुजबुजला, की अजून तेरा आहेत, सहा आणि सात एवढंच उरलंय, थोडी कळ काढ, परत जा म्हणून सांगतो मी सरांना. बोलताना त्याला धाप लागली होती. आपल्याच पोरीच्या तोंडावर आपण हे बोलतोय, हे त्याला कळत होतं आणि तरी तो बोलत होता.

"नाहीत, पप्पा," ती मान वर न करता म्हणाली. "ऐंशी झाले. पहिल्यापासून मोजतेय मी."

मैदानात तेजस्विनीचा पहिला चेंडू पडला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. विलासच्या तोंडून निघालं ते भलतंच निघालं. झाले तर झाले, मग तसंच सांगायचं सरांना. ऐंशी झाले म्हणून उतरले असं सांगितलं असतं तर साहेबांनी पाठ थोपटली असती. खांद्याचं कशाला काढलंस? दुखतोय का खरंच?

"दमलाय. दुखत नाही."

"मग?"

श्रद्धाने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. तिथे जयमाला मॅडम एकट्याच बसल्या होत्या आणि त्याचं पेन वाऱ्याने पडू नये म्हणून त्यांनी कागदावर आडवं ठेवलं होतं.

"मग तुम्हाला काय म्हणतील सगळे?" ती म्हणाली.

ज्ञानेश सर छत्रीकडून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. साहेबांनी नाव लिहिलं होतं हो, ते सांगू लागले, श्रद्धाचं नाव शाईने लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलं. आता पुढे शेरा मारलाय, खांद्याची दुखापत. दुखापतीची पोरगी राज्याला कोण नेईल? त्या उंच पोरीचं नाव घालतायत. श्रद्धा बुटाची नाडी बांधत होती, ती बांधतच राहिली. एक चांगली बांधलेली नाडी सोडून तिने पुन्हा बांधली.

विलास टेबलापाशी आला, पेन बाजूला करून त्याने कागद उचलला. जयमाला मॅडमनी विचारलं, काय झालं, मुलगी बरी आहे ना? त्याने मान हलवली. जाळीच्या मागून, मैदानाला वळसा घालून तो चालू लागला. आपल्या हाताने आपलं अवलक्षण करून घ्यायला निघालेल्या माणसाचे पाय जसे पडायचे तसेच ते पडत होते. अर्ध्या वाटेत त्याला वाटलं, अजून फिरता येईल. कागद फाडून खिशात घातला तर श्रद्धाही काही बोलणार नाही, जन्मभर बोलणार नाही. त्या विचाराने तो उलट भराभर चालायला लागला.

छत्रीखाली पोचून त्याने सांगून टाकलं. वाक्यं तुटक आली, पण सगळं सांगितलं. पोरीचा खांदा ठणठणीत आहे. तिचे ऐंशी झाले म्हणून ती उतरली, नियमाने उतरली. आकडा मी कमी लिहिला. तिचा काही दोष नाही, जो आहे तो माझा. चष्मेवाल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा विलास आधी म्हणाला मोजणारा, मग म्हणाला तिचा बाप.

साहेबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते विलासने ओळखलं. त्यांना त्याचा राग आला नव्हता. त्यांना त्याची दया आली होती.

बसा, ते म्हणाले. मलाही दोन मुली आहेत. पोरीसाठी बाप काय काय करतो ते मला सांगू नका. पण स्वतःच्या माथी असं काही ओढून घेऊ नका. दुखापत बरी होते, पुढच्या वर्षी पुन्हा निवड आहे. तेवढ्यात काय गडबड आहे बघायला जयमाला मॅडम येऊन पोचल्या, आणि प्रकार कळल्यावर त्यांनी तर विलासची बाजूच घेतली. सकाळपासून मी यांच्या शेजारी बसलेय, त्या साहेबांना म्हणाल्या, माझा आकडा चुकला तो यांच्यामुळे सुधारला. हा माणूस असं करणार नाही. पोरीच्या मायेपायी बोलतायत ते.

जगात आज कुणीतरी आपल्याला लबाड म्हणावं, एवढंच विलासला हवं होतं, आणि एक माणूस तयार नव्हता.

श्रद्धा मागोमाग धावत आली होती. साहेबांनी तिलाच जवळ बोलावलं. प्रश्न त्यांनी सरळ विचारला, आणि आवाजात माया ठेवून विचारला.

"बाबा म्हणतायत, त्यांनी चेंडू कमी लिहिले. खरं आहे का?"

श्रद्धाने एकदा छत्रीच्या दांड्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे.

"पप्पा कधी खोटं लिहीत नाहीत," ती म्हणाली.

हे वाक्य पोरीच्या तोंडून चारचौघांत ऐकायला विलासने आयुष्यातली दहा वर्षं दिली असती. आज ते ऐकून त्याला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. साहेबांनी मान हलवली, झालं तर मग, असं म्हणत वहीचं पान उलटलं. त्या पानावर उंच पोरीचं नाव लिहायला त्यांनी पेन टेकवलं.

विलासने आपला कागद त्यांच्या वहीवर ठेवला. चक्क वहीवर, लिहित्या हाताखाली सरकवला. साहेब दचकले.

"मोजा, साहेब," तो म्हणाला. "गड्ड्या नका मोजू. रेघा मोजा. एकेक."

"पप्पा, नको," श्रद्धाने त्याची बाही धरली. "चला ना. नको."

त्याने बाही सोडवून घेतली नाही, पण कागदावरचा हातही काढला नाही. बोट त्याने पहिल्या गड्डीच्या पहिल्या रेघेखाली ठेवलं होतं, जसं तो दुसऱ्यांच्या कागदांवर ठेवायचा तसं. साहेबांनी सुस्कारा सोडला. बापाचं समाधान करून टाकू, अशा बेताने त्यांनी चष्मा नाकावर नीट केला आणि पेनचं टोक खाली आणलं. एक, दोन, तीन, चार. मैदानात तेजस्विनीने डावातली शेवटची पोरगी बाद केली असावी, कारण सगळे एकदम उठून ओरडले. छत्रीखाली कुणी मान वळवली नाही. साहेबांचं पेन पाचव्या उभ्या रेघेवर थबकलं. त्यांनी डोळे बारीक करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी सावकाश. मग पेन आडव्या रेघेवर आलं.

"सहा," ते म्हणाले.

दुसरी गड्डी जयमाला मॅडमनी मोजली. मोठ्याने.